मीटरला हळद-कुंकू

पांगारवाडी, ता. वाई
१४ सप्टेंबर २०२५

मा. समीना मॅडम,
साधनपेढी, मिरज

जय हिंद.

तुमची निळी पेटी काल वाईच्या एसटी स्टँडवर मिळाली. पार्सलच्या खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "ह्यात काय हाय?" म्हटलं, पाणी तपासायचं यंत्र. तर म्हणतो, "त्याला यंत्र कशाला? पिऊन बघायचं की." अशा लोकांत आम्हाला काम करायचं आहे, हे आधीच तुमच्या कानावर घालतो.

पेटीतलं सगळं सामान शाबूत आहे. पीएच मीटर, गढूळपणा बघायची लांब नळी, जंतू असले की काळ्या पडणाऱ्या बाटल्या, पुड्या, सगळं. एवढी महागाची चीज तुम्ही अनोळखी माणसांच्या हातात विश्वासाने देता, याचं आश्चर्य वाटलं. फौजेत आम्हाला टॉर्चसुद्धा तीन सह्या घेतल्याशिवाय मिळत नसे.

मी माजी हवालदार. निवृत्तीनंतर गावात 'ओढा राखण मंडळ' काढलं. आठ जण आहोत. त्यात माझी मंडळी साळूबाई आणि शेजारच्या बनुबाई याच खऱ्या कामाच्या, बाकीचे चहाला येतात. आमचा प्रश्न असा की, गणपती उठल्यापासून खालच्या बंधाऱ्यावर म्हशी पाण्याला तोंड लावत नाहीत. काठाला मासे मरून पडले. बंधाऱ्याला लागूनच गावाची विहीर आहे आणि शाळेतली पोरं तेच पाणी पितात. हे कोणाचं काम आहे ते आम्हाला माहीत आहे. वर डोंगरात जे हॉटेल झालंय, त्यांचं सांडपाणी. फक्त पुरावा हवा, म्हणून तुमचं यंत्र.

एक शंका. पेटीच्या झाकणावर नियम लिहिलाय की आकड्यांबरोबर हाताने लिहिलेलं पत्रही पाठवायचं. आकडे असताना पत्र कशाला? आमच्याकडे आकडे दिले की रिपोर्ट संपतो. खुलासा व्हावा.

आपला,
सयाजी पिसाळ

~

मिरज
१९ सप्टेंबर २०२५

हवालदारसाहेब,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही.

खुलासा करते. मागे एका गटाने आम्हाला तीन महिने फार सुरेख आकडे पाठवले. रोज तेच, जराही वरखाली नाही. मी सगळ्यांना ते कौतुकाने दाखवत होते. मग कळलं की नदीवर उतरायला चिखल होता, म्हणून मंडळींनी एक बादली भरून आणली होती आणि रोज त्याच बादलीत मीटर बुडवत होती. आकडा खरा होता हो, पण बादली नदी नव्हती. तेव्हापासून पत्राचा नियम केला. तक्त्यात बादलीसाठी रकाना नसतो. पत्रात मात्र माणूस बोलता बोलता सांगून जातो. तेव्हा जे रकान्यात बसत नाही, ते सगळं मला लिहा. म्हशींचं लिहिलंत, तसंच.

मीटरबद्दल दोन गोष्टी. त्याचं काचेचं टोक कोरडं पडू देऊ नका, टोपणातल्या पाण्यातच ठेवा. आणि रोज काम सुरू करण्याआधी पुडी विरघळवलेल्या पाण्यात तपासून घ्या, पुडीवर छापलेलाच आकडा यायला हवा. माझे अब्बा तंबोरे बनवतात. कितीही चांगला तंबोरा असला तरी गाण्याआधी लावावा लागतो. मीटरचंही तसंच आहे. सात आकडा म्हणजे पाणी ना आंबट ना क्षारी. सातच्या खाली गेलं की आंबट, फार वर गेलं की साबणासारखं.

आणि एक विनंती. नाव आधी ठरवून पाणी तपासू नका. हॉटेलच्या वरचं पाणी घ्या, खालचं घ्या, मग उतरत उतरत बंधाऱ्यापर्यंत या. आठवड्यातले वेगवेगळे वार घ्या. हे मी हक्काने सांगते, कारण तुमचा ओढा कृष्णेला मिळतो आणि कृष्णा आमच्या नळाला येते.

दिवाळीनंतर खंडाळ्याचा एक गट हीच पेटी मागतोय. आमच्याकडे मीटर एकच आहे, तेवढं लक्षात असू द्या.

समीना

~

पांगारवाडी
२५ सप्टेंबर २०२५

समीनाताई,

मॅडम लिहिणार होतो, पण बादलीचा किस्सा वाचून साळूबाई इतकी हसली की मॅडम शब्द आता जमत नाही.

तक्ता सोबत जोडला आहे. ठळक तेवढं इथे लिहितो. हॉटेलच्या वर ७.१. हॉटेलच्या खाली ७.३. मारुतीच्या देवळाजवळ ७.२. बंधाऱ्यावर रविवारी ७.६, आणि काल बुधवारी ९.७. पुड्यांत तपासून घेतलं होतं, मीटर चोख होता. ९.७ बघून बनुबाईंनी पाण्यात बोट घातलं आणि म्हणाल्या, "आगं बया, बुळबुळीत लागतंया."

म्हणजे चोर सापडला. हॉटेलवाले रोज नाही, बुधवारी घाण सोडतात. लोक सावध नसताना.

काल बंधाऱ्यावर जायला थोडा उशीर झाला, कारण राजनंदिनीच्या बरण्यांचा टेम्पो दारात आला होता. ही आमची सून. मुलगा ऋषिराज लडाखला पोस्टिंगवर आहे. जाताना म्हणाला, "आबा, तिचा कारखाना तुमच्या भरवशावर सोडून चाललोय." कारखाना म्हणजे गोठ्यामागची शेड. आळीतल्या बारा बायका मिळून स्ट्रॉबेरीचा जॅम करतात. महाबळेश्वरच्या दुकानांत जातो. हंगामाला अजून अवकाश आहे, पण भंगारातल्या काचेच्या बरण्या आणून, धुऊन, लेबलं काढून आत्ताच तयार ठेवतात. अशा चकचकीत निघतात की तोंड बघून घ्यावं. पोरीचं मला फार कौतुक आहे, रकान्यात बसत नाही म्हणून इथे लिहिलं.

येत्या दसऱ्याला सोनं वाटायला सगळं गाव देवळापुढे जमतं. त्या वेळी पायरीवर उभा राहून हॉटेलचं नाव जाहीर करणार आहे. मग तहसीलवर मोर्चा. तुमच्या पेढीच्या शिक्क्याचं एक पत्र मिळालं तर बरं होईल.

सयाजी पिसाळ

~

मिरज
३० सप्टेंबर २०२५

सयाजीकाका,

तुम्ही मॅडम सोडलंत, मी साहेब सोडलं.

शिक्क्याचं पत्र देणार नाही. रागावू नका, आधी स्वतःचाच तक्ता पुन्हा बघा. हॉटेलच्या खाली पाणी चांगलं. देवळापाशी चांगलं. आणि बंधाऱ्यावर एकदम ९.७. हॉटेलचं पाणी देवळावरून उडी मारून बंधाऱ्यात कसं पडेल? जे काही मिसळतंय, ते देवळाच्या खाली मिसळतंय. हॉटेलच्या खालचं पाणी बुधवारी घेतलं होतं का, तेही कळवा.

देऊळ आणि बंधारा यांच्या मध्ये काय काय आहे? मला एक साधा नकाशा काढून पाठवा. मला खरंच फार उत्सुकता लागून राहिली आहे. रोज पोस्टमनची वाट बघते.

आणि तोवर पायरीवर चढू नका. हे पत्र दसऱ्याच्या आत मिळावं अशी इच्छा आहे, पण पोस्टाचं काय सांगावं.

समीना

~

पांगारवाडी
५ ऑक्टोबर २०२५

समीनाताई,

तुझं पत्र काल मिळालं. दसरा गुरुवारीच झाला. मी पायरीवर चढलो होतो.

हॉटेलच्या मालकाचं, वीरधवलचं, नाव घेतलं. तो आमच्याच खालच्या गावचा पोरगा. त्याला सोनंही दिलं नाही. तोही गर्दीत उभा होता, तसाच निघून गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता दुसरी बातमी. मीटर बिघडला आहे. कुठेही बुडवा, पाच दाखवतो. पुडीच्या पाण्यातही पाचच. कसा बिघडला ते लिहायला लाज वाटते, पण तुझा नियम आहे. खंडेनवमीला आम्ही घरातली सगळी हत्यारं पूजतो. कोयता, विळा, माझी जुनी संगीन, ऋषिराजची मोटारसायकल. या वर्षी मंडळाचं हत्यार म्हणून मीटरही पाटावर मांडला. हत्याराला हळद-कुंकू धारेला लावायचं असतं. मीटरची धार कुठली, यावर जरा चर्चा झाली. बनुबाई म्हणाल्या, "ज्यानं काम करतंय ती धार." म्हणून टोपण काढून काचेच्या टोकाला लावलं. वर नारळाचं पाणी शिंपडलं. रात्रभर तसाच होता.

म्हणजे मुळात यंत्रच नाजूक. मग ते ९.७ तरी कशावरून खरं धरायचं? मला वाटतं, आपण तो आकडा सोडून द्यावा.

देऊळ आणि बंधारा यांच्या मध्ये विशेष काही नाही. आमचीच आळी आहे. हॉटेलच्या खालचं पाणी बुधवारीही घेतलं होतं, ७.३ तेव्हाचंच आहे.

अजून एक गोष्ट, रकान्यात न बसणारी. पूजेचं फडकं साळूबाईने शनिवारी बंधाऱ्यावर नुसतं बुचकळलं, तर हळदीचे डाग लालभडक झाले. साबण लागला की हळद लाल होते हे घरोघरी ठाऊक आहे, पण हिने साबण नेलाच नव्हता. घाटावरच्या बायका म्हणाल्या, देवी कोपली. साळूबाई म्हणते, "देवी कशाला कोपंल? आदी समीनाला इचारा." म्हणून विचारतो.

सयाजी पिसाळ

~

मिरज
१० ऑक्टोबर २०२५

सयाजीकाका,

तुमचं पत्र मी अब्बांना वाचून दाखवलं. मीटरची धार शोधण्यापर्यंत आले आणि मला पुढे वाचता येईना. अब्बा मात्र हसले नाहीत. म्हणाले, गिऱ्हाइकं दसऱ्याला तंबोऱ्याला हळद-कुंकू लावतात, त्यात वावगं काय? भोपळ्याला लावावं, तारेला नको, एवढंच त्यांना सांगायचं असतं. तेव्हा पुढच्या वेळी पेटीची पूजा करा. टोक स्वच्छ पाण्याने धुऊन पुडीच्या पाण्यात दोन दिवस बुडवून ठेवा, बहुतेक ताळ्यावर येईल.

आता जरा भांडते. ९.७ हा आकडा पूजेच्या आधीचा आहे, आणि त्या दिवशी मीटर चोख होता असं तुम्हीच लिहिलंय. खंडेनवमीला लावलेल्या हळदीने सप्टेंबरातलं पाणी कसं बिघडेल? तो आकडा सोडता येणार नाही.

आणि साळूकाकींना माझा खास सलाम सांगा. देवी कोपलेली नाही, उलट पावली म्हणायची. साबण लागून हळद लाल होते ती त्यातल्या क्षारामुळे. बिनसाबणाची लाल झाली, म्हणजे साबणाचं काम पाणीच करत होतं. मीटर पाटावर झोपला असताना फडक्याने ९.७ पुन्हा मोजून दिला.

आता असं करा. हळद पाण्यात कालवून त्यात साधे कागद बुडवा, वाळवा, पट्ट्या कापा. बुधवारी बंधाऱ्यापासून वर चालत निघा. काठाकाठाने पट्टी बुडवत जा. लाल होतेय तोवर चालायचं. जिथे पिवळी राहील तिथे थांबून मागे वळून बघायचं. एकटे जाऊ नका, हॉटेलचाही एक माणूस सोबत घ्या.

तुमच्या आळीत 'विशेष काही नाही' असं लिहिलंत. आळीतली माणसं पाणी वापरत नाहीत का?

समीना

~

मिरज
२५ ऑक्टोबर २०२५

सयाजीकाका,

दिवाळी झाली. तुमचा तक्ता नाही, पत्र नाही. गावात रेंज नसते वाटतं, फोनही लागत नाही. खंडाळ्याचे लोक पेटीची चौकशी करतात, त्यांना माझी दहा कारणं सांगून झाली.

खरं सांगू का? मला पेटीची काळजी नाही. शेवटच्या पत्रात मी आळीबद्दल जरा टोचून विचारलं, ते लागलं असेल तर माफ करा. मी इथे खुर्चीत बसून नकाशा मागते. तिथे तुम्हाला त्या माणसांत राहायचंय, हे मला कळतं.

पण विहिरीचं पाणी पोरं पितात, हेही तुम्हीच लिहिलं होतंत. पेटी हवी तेव्हा पाठवा. मला फक्त एका ओळीत कळवा, कागद पिवळे राहिले की लाल झाले?

समीना

~

पांगारवाडी
६ नोव्हेंबर २०२५

चि. समीना,

लाल झाले.

दिवाळीच्या आधीच्या बुधवारी आम्ही निघालो होतो. मी, साळूबाई, बनुबाई, हॉटेलचा माळी भाऊसो आणि पट्ट्यांची परडी घेऊन राजनंदिनी. पट्ट्या तिनेच केल्या होत्या. बंधाऱ्यापासून प्रत्येक पट्टी लाल होत गेली. भाऊसोला मजा वाटत होती, प्रत्येक वेळी "आली, लाल आली" म्हणायचा. आमच्या गोठ्यामागून एक पाइप ओढ्यात उतरतो. पाइपाच्या खाली पट्टी कुंकवासारखी झाली. चार पावलं वर जाऊन बुडवली तर पिवळीच राहिली.

मी म्हटलं, हळद जुनी असेल. राजनंदिनी म्हणाली, "मामंजी, हळद परवाच दळून आणलीया." मग ती पाइपाकडे बघत राहिली. बरण्यांची लेबलं काढायला त्या कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात बुडवतात, दर बुधवारी आणि शनिवारी, आणि ते पाणी ओढ्यात जातं. ते वाहतं, म्हणून कुणाच्या मनातच आलं नव्हतं. माझ्या तर नाहीच. गोठ्यामागे मी रोज बसतो.

मी सगळ्यांना सांगितलं, ऊन उतरलंय, उद्या बघू. उद्या काही बघितलं नाही. तुला पाठवायच्या तक्त्यावर 'मीटर नादुरुस्त' एवढंच लिहून ठेवलं. मला ऋषिराजचं बोलणं आठवत होतं. बारा घरांची दिवाळी त्या शेडवर होती. आणि पायरीवरून मी काय बोललो ते गाव विसरलं नव्हतं. फौजेत कधी भ्यालो नाही, इथे घाबरलो. बनुबाईंना सगळं दिसत होतं, पण शेजारधर्म म्हणून गप्प राहिल्या. ते मला जास्त लागलं.

तुझं शेवटचं पत्र आलं. तुझी पत्रं मी घरात मोठ्याने वाचतो. वाचता वाचता त्या प्रश्नापाशी आलो आणि थांबलो. राजनंदिनी भाकऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, "लाल लिवा, मामंजी."

गेल्या रविवारी ग्रामसभा देवळापुढेच घेतली. त्याच पायरीवर उभा राहिलो. म्हटलं, घाण हॉटेलची नाही, माझ्या घरातली आहे, आणि वीरधवलचं नाव मी खोटं घेतलं. या वेळी टाळ्या नव्हत्या. राजनंदिनी बिचारी रडली. साहजिक आहे, पोर आहे. मग दसऱ्याची उरलेली आपट्याची पानं, वाळून कुरकुरीत झाली होती, ती घेऊन वीरधवलपुढे गेलो. त्याने ती दोन्ही हातांत घेतली. म्हणाला, "काका, शिळं सोनं पण सोनंच." आणि पुढे म्हणाला, "आता आमच्या पाइपालाबी कागूद लावून बघा. कोण जाणं, त्यात काय निघंल." मग मागून एक जण म्हणाला, आमच्या मोरीचं बघा. दुसरा म्हणाला, आमच्या गोठ्याचं. पट्ट्या संपल्या, साळूबाईला पुन्हा हळद कालवायला बसावं लागलं.

बरण्या धुणं बंद आहे. शेडमागे खड्डा बांधून घेतोय. सोड्याचं पाणी फेकून न देता पुन्हा पुन्हा वापरायचं, आणि शेवटी जॅमसाठी आणलेलं लिंबाचं सत्व त्यात घालून, पट्टी पिवळी राहिली तरच बाहेर सोडायचं, असं राजनंदिनीने ठरवलंय. विहिरीच्या बाटल्या काळ्या पडल्या नाहीत. शाळेला सध्या टँकरचं पाणी चालू आहे. मीटर ताळ्यावर आला, बंधाऱ्यावर काल बुधवारी ७.५. म्हशींनी अजून तोंड लावलेलं नाही. त्यांना पटायला वेळ लागेल, आणि त्यांचं बरोबर आहे.

पेटी एसटीने पाठवतोय. खंडाळ्याच्या लोकांना दे, उशीर माझ्यामुळे झाला असं सांग.

तुझा,
सयाजीकाका

~

(पेटीच्या आत, पुड्यांच्या खाली)

समीनाताई,

मी राजनंदिनी. मामंजींनी त्यांचं पत्र मला वाचायला दिलं आणि पाकीट बंद केलं. मग ही चिठ्ठी मी वेगळी घालतेय.

सभेत मी रडले नाही. मी उभी राहून बरण्या कशा धुतो आणि आता कशा धुणार ते सांगत होते. वीरधवलभाऊंनी पानं घेतली तेव्हा रडले ते मामंजी. आत्याबाई म्हणाल्या, लग्न झाल्यापासून त्यांनी हे पहिल्यांदा बघितलं. दुसऱ्या दिवशी मी वाईला जाऊन ह्यांना लडाखला फोन केला. हे म्हणाले, आबांना सांग, कारखाना त्यांनी नीट सांभाळला.

फेब्रुवारीत हंगाम भरात येईल तेव्हा बरण्या रोज धुवाव्या लागतील. पट्टीने लाल-पिवळं कळतं, पण किती ते कळत नाही. मला पाणी सोडण्याआधी मोजून बघायचंय. तेव्हा खंडाळ्यानंतर यादीत आमच्या बायकांच्या गटाचं नाव लिहा. तपासायचं ठिकाण: गोठ्यामागचा पाइप.

पत्रं मी लिहीन. मामंजींचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, पण ते बादली लपवतात.

राजनंदिनी ऋषिराज पिसाळ